लायब्ररी बसवलेली आहे, तरी कंपाइल का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उबंटू २४.०४ वर सी भाषेतला एक जुना नेटवर्क क्लायंट बांधायचा आहे. तो लिबकर्ल (नेटवर्कवरून माहिती आणणारी) आणि ओपनएसएसएल (जोडणी सुरक्षित ठेवणारी) या लायब्रऱ्या वापरतो. ‘मेक’ ही बिल्डची कमांड दिली की ‘फेटल एरर: ओपनएसएसएल/एसएसएल.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येऊन काम थांबतं. डीपीकेजीच्या, म्हणजे बसवलेल्या पॅकेजांच्या, यादीत लिबएसएसएल३टी६४ हे पॅकेज तर दिसतंय. हेडर फाइल (लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख कंपायलरला देणारी) इंटरनेटवरून उतरवून प्रोजेक्टमध्ये ठेवली, तर कंपायलर दुसरी मागतो, ती दिली की तिसरी. शेवटी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ची रांग लागते.

आधी उपाय सांगतो. उतरवलेल्या सगळ्या हेडर फाइल प्रोजेक्टमधून काढून टाका. मग ‘सुडो एपीटी अपडेट’ करून ‘सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल पीकेजी-कॉन्फिग लिबएसएसएल-डेव्ह लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह’ ही कमांड द्या. ‘मेक क्लीन’ करा आणि पुन्हा ‘मेक’ चालवा. हेडरचा एरर इथेच संपेल. पण प्रोजेक्ट जुना आहे, त्यामुळे पुढे आणखी अडेल अशी दाट शक्यता आहे. म्हणून प्रत्येक टप्प्यावर काय बिघडतं ते नीट समजून घ्या. हे एकदा कळलं की ओपनएसएसएलच्या जागी दुसरी कुठलीही लायब्ररी असली तरी अडणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तक्रार कोण करतंय ते ओळखणं. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आणि त्याखाली ‘कंपायलेशन टर्मिनेटेड’ आलं तर ती प्रीप्रोसेसरची (कंपाइलआधी हेडर जोडणाऱ्या भागाची) तक्रार आहे: हेडर मिळालं नाही. ‘कॅनॉट फाइंड -एलएसएसएल’ ही लिंकरची (कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्रऱ्या जोडणाऱ्याची) तक्रार आहे: लायब्ररीची फाइलच मिळाली नाही. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’सुद्धा लिंकरच देतो, पण तिथे त्याला फंक्शन मिळालेलं नसतं. फाइल मिळालेली असू शकते. ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ आलं तर प्रोग्राम बांधून झालेला आहे, आता लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधणारा) अडलाय. या चौघांचे उपाय वेगवेगळे आहेत. लिंकरच्या एररवर हेडरचा उपाय करत बसलं की तासन्‌तास वाया जातात.

आणि एरर वाचायचा तो पहिला. शेवटची ओळ बहुतेक वेळा ‘मेक: एरर २’ एवढंच सांगते, तिचा काही उपयोग नसतो. ‘मेक -जे८’ दिलं असेल तर आठ कामांचं आउटपुट एकमेकांत मिसळतं, तेव्हा शोध घेताना ‘-जे१’ वापरा. कंपायलरला नेमकी कोणती कमांड गेली हे दिसलं पाहिजे. ऑटोटूल्स, सीमेक आणि निन्जा ही बिल्डची वेगवेगळी साधनं आहेत. ऑटोटूल्सच्या प्रोजेक्टला ‘मेक व्ही=१’, सीमेकने बनवलेल्या मेकफाइलला ‘मेक व्हर्बोज=१’ (व्हर्बोज कॅपिटल अक्षरांत) आणि निन्जाला ‘निन्जा -व्ही’ द्या. ही पूर्ण कमांड न पाहता लावलेला प्रत्येक उपाय अंदाजच असतो.

आता मूळ गोंधळ. डेबियन आणि उबंटूत एक लायब्ररी किमान दोन पॅकेजांत विभागलेली असते. लिबएसएसएल३टी६४ मध्ये फक्त चालू प्रोग्रामला लागणाऱ्या फाइल असतात, म्हणजे लिबएसएसएल.एसओ.३ आणि लिबक्रिप्टो.एसओ.३. कोड कंपाइल करायला लागणारं सामान लिबएसएसएल-डेव्ह मध्ये असतं: हेडर फाइल, आकडा नसलेली लिबएसएसएल.एसओ ही सिमलिंक (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी), स्टॅटिक लिंकिंगसाठी (लायब्ररी प्रोग्राममध्येच मिसळण्यासाठी) लिबएसएसएल.ए, आणि पीकेजी-कॉन्फिगच्या (कंपायलरला कोणते पर्याय द्यायचे ते सांगणाऱ्या साधनाच्या) .पीसी फाइल. सर्व्हरवर प्रोग्राम नुसते चालवायचे असतात, तिथे हेडरची गरज नसते, म्हणून ही विभागणी. तुमच्या यंत्रावर पहिलं पॅकेज होतं, दुसरं नव्हतं. ‘-एलएसएसएल’ लिहिल्यावर लिंकर आकडा नसलेलंच नाव शोधतो, त्यामुळे डेव्ह पॅकेज नसेल तर लायब्ररी डिस्कवर असूनही त्याला ती दिसत नाही.

पॅकेजच्या नावातल्या आकड्यावर विसंबू नका. चालू प्रोग्रामसाठीचं पॅकेज उबंटू २०.०४ मध्ये लिबएसएसएल१.१ होतं, २२.०४ मध्ये लिबएसएसएल३ झालं आणि २४.०४ मध्ये लिबएसएसएल३टी६४. शेवटचं ‘टी६४’ हे ३२-बिट यंत्रांवर वेळेची किंमत ६४ बिटांत नेण्याच्या बदलातून आलं. २०३८ सालचा प्रश्न सोडवण्यासाठी तो बदल करावा लागला. डेव्ह पॅकेजचं नाव मात्र तिन्ही ठिकाणी लिबएसएसएल-डेव्ह हेच आहे. फेडोरावर तेच ओपनएसएसएल-डेव्हेल, अल्पाइनवर ओपनएसएसएल-डेव्ह. आर्चवर वेगळं पॅकेजच नाही, ओपनएसएसएलमध्येच हेडर येतात.

कुठलं हेडर कुठल्या पॅकेजात आहे हे शोधायला एपीटी-फाइल हे साधन बसवा, ‘सुडो एपीटी-फाइल अपडेट’ करा आणि ‘एपीटी-फाइल सर्च ओपनएसएसएल/एसएसएल.एच’ द्या. उत्तरात एकाहून जास्त पॅकेजं येतील. वुल्फएसएसएलसारख्या लायब्रऱ्याही सुसंगततेसाठी याच नावाचं हेडर देतात. त्यातलं ज्याचा मार्ग ‘/यूएसआर/इन्क्लूड/’ आणि त्याला लागून तुमच्या इन्क्लूडमधलं नाव, नेमका असा आहे, ते निवडा. मध्ये ‘वुल्फएसएसएल/’ असं काही आलं असेल तर ते तुमचं नव्हे. फेडोरावर हेच काम ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ करतं.

हेडर हाताने उतरवण्याचा मार्ग का फसतो, तेही सांगतो. ओपनएसएसएलच्या काही हेडर फाइल लायब्ररी बांधताना तयार होतात. मूळ सोर्समध्ये त्या तयार स्वरूपात नसतातच. उबंटूत ओपनएसएसएलकॉन्फ.एच आणि कॉन्फिगरेशन.एच या दोन फाइल ‘/यूएसआर/इन्क्लूड/ओपनएसएसएल’ मध्ये नसून ‘/यूएसआर/इन्क्लूड/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/ओपनएसएसएल’ मध्ये असतात, कारण त्या प्रोसेसरप्रमाणे बदलतात. उबंटूचा जीसीसी दोन्ही जागा आपणहून बघतो. पण मसल या पर्यायी सी लायब्ररीचा रॅपर किंवा दुसऱ्या प्रोसेसरसाठी बांधणारा क्रॉस कंपायलर वापरला, किंवा एकच फोल्डर उचलून दुसरीकडे नेलं, की ‘ओपनएसएसएल/ओपनएसएसएलकॉन्फ.एच’ सापडत नाही असा एरर येतो. याहून वाईट प्रकार असा की उतरवलेलं हेडर एका आवृत्तीचं आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची असते. मग कंपाइल होतं, लिंकही होतं, आणि प्रोग्राम चालताना मेमरी बिघडवतो. तो दोष शोधणं फार कठीण असतं, म्हणून हा मार्ग पूर्ण बंद ठेवा.

लिबकर्लच्या बाबतीत एक निवड करावी लागते: तिची सुरक्षित जोडणी (टीएलएस) ओपनएसएसएलने चालवायची की जीएनयूटीएलएस या दुसऱ्या लायब्ररीने. लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह आणि लिबकर्ल४-जीएनयूटीएलएस-डेव्ह ही दोन्ही पॅकेजं कर्ल/कर्ल.एच देतात, पण एका वेळी एकच बसतं. एक बसवलं की एपीटी दुसरं काढून टाकतो. तुमच्या कोडमध्ये कर्लच्या टीएलएस कॉन्टेक्स्टमध्ये हात घालणारा कॉलबॅक, म्हणजे कर्लऑप्ट_एसएसएल_सीटीएक्स_फंक्शन, वापरला असेल तर ओपनएसएसएलवालंच हवं. जीएनयूटीएलएसवर तो चालत नाही. एखादं पॅकेज बसवताना एपीटी ‘खालील पॅकेजं काढली जातील’ असं सांगतो, तेव्हा ती यादी वाचूनच होकार द्या.

तुम्ही बांधताय तो प्रोग्राम उबंटूच्या भांडारातही असेल, तर ‘सुडो एपीटी बिल्ड-डेप’ आणि पुढे पॅकेजचं नाव एवढ्याने त्याच्या बिल्डला लागणारं सगळं एका फटक्यात बसतं. त्यासाठी सोर्सची भांडारं चालू हवीत. २४.०४ मध्ये ‘/ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी/उबंटू.सोर्सेस’ या फाइलमध्ये ‘टाइप्स: डेब’ च्या पुढे ‘डेब-एसआरसी’ जोडा आणि अपडेट करा.

यानंतर पीकेजी-कॉन्फिग. ‘पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज --लिब्ज ओपनएसएसएल’ दिल्यावर ‘-एलएसएसएल -एलक्रिप्टो’ असं उत्तर आलं तर पाया ठीक आहे. ‘पॅकेज ओपनएसएसएल वॉज नॉट फाउंड’ आलं तर एक तर डेव्ह पॅकेज नाही, नाही तर ओपनएसएसएल.पीसी नेहमीच्या जागी नाही. दुसऱ्या प्रकारात त्या फाइलचं फोल्डर पीकेजी_कॉन्फिग_पाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्यायचं. ज्यांच्या यंत्रावर कोंडा (पायथनची पॅकेजं सांभाळणारं साधन) आहे त्यांनी आधी ‘विच -ए पीकेजी-कॉन्फिग’ आणि ‘विच -ए जीसीसी’ बघावं. कोंडाचं एन्व्हायर्नमेंट चालू असेल तर त्यातली साधनं पुढे येऊ शकतात. ती स्वतःच्याच फोल्डरात शोधतात आणि सिस्टीममध्ये बसवलेलं डेव्ह पॅकेज त्यांना दिसत नाही. ‘कोंडा डीॲक्टिव्हेट’ करून नव्याने बिल्ड करा.

बिल्डआधी यंत्र तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टचे दोन एरर फसवे आहेत. पहिला: ‘सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन’ आणि त्याखाली पीकेजी_चेक_मॉड्यूल्सची ओळ. यात स्क्रिप्टचं व्याकरण चुकलेलं नसतं. ऑटोरीकॉन्फ (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारी कमांड) चालवताना यंत्रावर पीकेजी-कॉन्फिगच नव्हतं, त्यामुळे त्याचा मॅक्रो (आधीच दुसऱ्या मजकुराने बदललं जाणारं नाव) उलगडला नाही आणि जसाच्या तसा स्क्रिप्टमध्ये उतरला. पॅकेज बसवा आणि फक्त कॉन्फिगर नव्हे, ऑटोरीकॉन्फपासून पुन्हा सुरुवात करा.

दुसरा तुमच्यासारख्या जुन्या प्रोजेक्टमध्ये हमखास भेटतो: ‘चेकिंग फॉर एसएसएल_लायब्ररी_इनिट इन -एलएसएसएल... नो’, आणि पुढे ओपनएसएसएल बसवा अशी सूचना. ओपनएसएसएल तर बसलेलं असतं. २०१६ साली आलेल्या १.१.० आवृत्तीत एसएसएल_लायब्ररी_इनिट हे खरं फंक्शन राहिलं नाही, ते ओपनएसएसएल_इनिट_एसएसएलकडे नेणारा मॅक्रो झालं. कॉन्फिगरची चाचणी हेडर न घेता थेट लायब्ररीत ते नाव शोधते, आणि मॅक्रो लायब्ररीत कधीच सापडत नाही. कॉन्फिग.लॉग उघडून त्या चाचणीपर्यंत गेलात की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ स्पष्ट दिसेल. कॉन्फिगर.एसी मधल्या त्या चाचणीत नाव बदलून एसएसएल_सीटीएक्स_न्यू करा आणि ऑटोरीकॉन्फ चालवा. हे फंक्शन जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांत आहे. कॉन्फिगर ‘नाही’ म्हणालं की कॉन्फिग.लॉग उघडायचा, हा रिवाज ठेवाच.

सीमेक वापरणाऱ्यांना ‘कुड नॉट फाइंड ओपनएसएसएल’ असा एरर येतो आणि कंसात काय मिळालं नाही तेही येतं. इन्क्लूड डिरेक्टरी आणि क्रिप्टो लायब्ररी दोन्ही तिथे असतील तर डेव्ह पॅकेज नाही. सीमेकला एकदा सापडलेला मार्ग सीमेककॅश.टीएक्सटी मध्ये साठतो. तो चुकीचा असला, उदाहरणार्थ कोंडाचा, तरी पुढच्या वेळी सीमेक तोच धरतो. म्हणून लायब्ररी बदलली की बिल्ड फोल्डर उडवून नवं करा. ३.२४ पासून ‘सीमेक --फ्रेश’ हा पर्यायही आहे. सविस्तर नोंद ३.२६ पासून सीमेककॉन्फिगरलॉग.वायएएमएल या फाइलमध्ये मिळते.

आता लिंकर. त्याच्या कमांडमध्ये क्रमाला किंमत आहे. ‘जीसीसी -एलएसएसएल -एलक्रिप्टो मेन.ओ -ओ क्लायंट’ ही कमांड उबंटूवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ देते. ‘जीसीसी मेन.ओ -ओ क्लायंट -एलएसएसएल -एलक्रिप्टो’ ही चालते. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. लायब्ररीपाशी तो पोहोचला तेव्हा तिच्यातलं काहीच कोणी मागितलेलं नसेल, तर तो तिला सोडून पुढे जातो. पुढे मेन.ओ मध्ये मागणी निघते, पण तो मागे फिरत नाही. स्टॅटिक लायब्ररीला हा नियम सगळीकडे लागू आहे. शेअर्ड लायब्ररीला (चालताना जोडल्या जाणाऱ्या) मात्र उबंटूवर खास लागू होतो, कारण ११.१० पासून उबंटूचा जीसीसी लिंकरला ‘--ॲज-नीडेड’ (लागेल तीच लायब्ररी जोड) आपणहून देतो. डेबियन तसं करत नाही. तीच मेकफाइल डेबियनवर चालते आणि उबंटूवर का चालत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

मेकफाइलमध्ये ही चूक साधारण अशी शिरते: ‘-एलएसएसएल’ एलडीफ्लॅग्जमध्ये लिहिलेलं असतं. मेकच्या अंगभूत नियमात एलडीफ्लॅग्ज ऑब्जेक्ट फाइलच्या आधी येतात आणि एलडीलिब्ज नंतर. त्यामुळे फोल्डर दाखवणारं कॅपिटल ‘-एल’ एलडीफ्लॅग्जमध्ये आणि लायब्ररीचं नाव सांगणारं स्मॉल ‘-एल’ एलडीलिब्जमध्ये हवं. एवढी एक ओळ हलवून अर्धे प्रोजेक्ट सुटतात. लायब्रऱ्यांचा आपसातला क्रमही तसाच: जी मागते ती आधी, जी पुरवते ती नंतर. कर्ल, मग एसएसएल, मग क्रिप्टो. स्टॅटिक लिंकिंग करताना ‘पीकेजी-कॉन्फिग --स्टॅटिक --लिब्ज लिबकर्ल’ विचारा. उत्तरात बरीच लांब यादी येते आणि ती सगळी लागते.

‘डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन’ हा एरर घाबरवतो, पण त्याच ओळीत उपाय दिलेला असतो. तुमचा कोड एका लायब्ररीतलं फंक्शन थेट वापरतो, पण ती लायब्ररी दुसरीच्या आडून आलेली आहे. एररमध्ये जिचं नाव आहे तिचं ‘-एल’ जोडा. एनकर्सेस ही टर्मिनलची लायब्ररी वापरणाऱ्यांना तो लिबटिन्फोच्या नावाने दिसतो, कारण डेबियन-उबंटूत टर्मिनलचा भाग वेगळ्या लायब्ररीत काढलेला आहे. तिथे ‘-एलटिन्फो’ द्यायचं.

सगळं देऊनही फंक्शन मिळत नसेल तर ते लायब्ररीत आहे का हेच तपासा: ‘एनएम -डी’ (डी कॅपिटल) आणि पुढे .एसओ फाइलचा मार्ग, आणि त्यातून ग्रेपने नाव शोधा. एररमधलं नाव बारकाईने बघा. नावापुढे कंसात आर्ग्युमेंटचे प्रकार दिसत असतील तर लिंकर सी++चं फंक्शन शोधतोय. लायब्ररी सीची असेल तर हेडरभोवती ‘एक्स्टर्न सी’ राहिलेलं आहे. नावात ‘सीएक्सएक्स११’ दिसत असेल तर लायब्ररी जीसीसी ५ च्या आधीच्या पद्धतीने बांधलेली आहे आणि तुमचा कोड नंतरच्या. लायब्ररी त्याच कंपायलरने पुन्हा बांधणं हा खरा उपाय. ‘स्किपिंग इनकंपॅटिबल’ आलं तर ३२ आणि ६४ बिटांची सरमिसळ झालेली आहे.

आणि आता तुमच्या प्रोजेक्टचा बहुधा शेवटचा अडथळा. सगळी पॅकेजं आहेत, तरी ‘स्टोरेज साइज ऑफ सीटीएक्स इझन्ट नोन’ येतं, किंवा ईव्हीपी_एमडी_सीटीएक्स_क्लीनअप आणि एचएमएसी_सीटीएक्स_इनिट यांची आधी वॉर्निंग येते आणि मग ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. इथे काहीही हरवलेलं नाही, कोडच ओपनएसएसएल १.०.२ च्या काळातला आहे. १.१.० पासून या स्ट्रक्चरचं अंतरंग हेडरमध्ये उघड नाही, त्यामुळे स्टॅकवर तसा व्हेरिएबल घेता येत नाही. पॉइंटर घ्या, ईव्हीपी_एमडी_सीटीएक्स_न्यू ने तयार करा, काम झाल्यावर ईव्हीपी_एमडी_सीटीएक्स_फ्री ने सोडा. मध्ये क्लीनअप करून तोच पुन्हा वापरला असेल तर तिथे ईव्हीपी_एमडी_सीटीएक्स_रीसेट. एचएमएसीलाही हाच साचा. अशा दहा-वीस जागा बदलणं जुनी लायब्ररी शोधण्यापेक्षा सोपं आहे आणि सुरक्षितही. १.१.१ चा सार्वजनिक आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. नेटवर्कवर उघड राहणाऱ्या प्रोग्रामसाठी ती आणू नका.

बांधून झाल्यावर ‘लिबएसएसएल.एसओ.१.१: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ आलं तर कुठला तरी भाग जुन्या यंत्रावर बांधलेला आहे. ‘एलडीडी ./क्लायंट’ मध्ये ‘नॉट फाउंड’ असलेल्या ओळी बघा. बायनरी अनोळखी स्रोताची असेल तर एलडीडी चालवू नका, ‘रीडएल्फ -डी’ मधल्या ‘नीडेड’ ओळी वाचा. १.१ च्या नावाची सिमलिंक करून ती .३ कडे वळवणं हा बराच सांगितला जाणारा उपाय चालत नाही. सिम्बॉलवर आवृत्तीची खूण असते, त्यामुळे लगेच ‘व्हर्जन ओपनएसएसएल_१_१_१ नॉट फाउंड’ येतं. शिवाय ती खोटी सिमलिंक सिस्टीममध्ये राहिली की पुढे दुसऱ्याच प्रोग्रामला बाधते.

ओपनएसएसएल ३ सोर्सवरून बांधलं असेल तर आणखी एक खाच आहे. ६४-बिट लिनक्सवर ते ‘/यूएसआर/लोकल/लिब६४’ मध्ये बसतं, आणि उबंटूचा लोडर ते फोल्डर बघत नाही. मग नव्याशी लिंक होऊन चालताना सिस्टीमची जुनी उचलली जाते. बांधतानाच ‘--लिबडिर=लिब’ द्या आणि नंतर ‘सुडो एलडीकॉन्फिग’ चालवा. स्वतंत्र फोल्डरात ठेवायची असेल तर लिंक करताना ‘-डब्ल्यूएल,-आरपाथ,’ पुढे ते फोल्डर द्या. एलडी_लायब्ररी_पाथ चाचणीपुरतं ठीक, कायमचं शेलच्या फाइलमध्ये लिहू नका. ते त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला लागतं.

पायथनमध्ये पिपने मायएसक्यूएलक्लायंट किंवा सायकोपीजी२ बसवताना येणारे एरर याच जातीचे आहेत. पायथन.एच नाही म्हटलं तर पायथन३-डेव्ह, आणि वेगळी आवृत्ती वापरत असाल तर तिच्याच आकड्याचं डेव्ह पॅकेज. पीजी_कॉन्फिग नाही म्हटलं तर लिबपीक्यू-डेव्ह. मायएसक्यूएलक्लायंटला डीफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह आणि पीकेजी-कॉन्फिग लागतं. मॅकवर होमब्रूचं ओपनएसएसएल@३ सीमेकला सापडलं नाही, तर त्याला ओपनएसएसएल_रूट_डिर मध्ये ‘ब्रू --प्रीफिक्स ओपनएसएसएल@३’ चं उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या यंत्रावर बिल्ड झालं की लगेच कोऱ्या उबंटू २४.०४ च्या डॉकर कंटेनरमध्ये तेच करून बघा. सोर्स आत जोडा, बिल्ड-इसेन्शियल आणि पीकेजी-कॉन्फिग एवढंच ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ लावून बसवा, आणि जे एरर येतील त्याप्रमाणे एकेक डेव्ह पॅकेज वाढवा. तुमच्या लॅपटॉपवर आधीपासून पडून असलेल्या पॅकेजांनी झाकलेल्या गरजा इथे उघड्या पडतात, झेडलिबचं झेडलिब१जी-डेव्ह हे नेहमीचं उदाहरण. तयार झालेली एपीटीची ओळ रीडमीमध्ये उबंटूच्या आवृत्तीसह लिहा, आणि मेकफाइलमध्ये ‘पीकेजी-कॉन्फिग --ॲटलीस्ट-व्हर्जन=३.० ओपनएसएसएल’ ही तपासणी टाका. ती फसली तर कोणतं पॅकेज बसवायचं ते नाव घेऊन सांगणारा संदेश छापा आणि तिथेच थांबा.